'पर्यंत'चं इंग्रजी काय करायचं, बाय की अनटिल?

मागच्या गणपतीला भाचा घरी आलेला, बेळगावातल्या शहापूरला. नवीन नोकरी, कंपनी बेंगळूरची, लॅपटॉप अजून हातात पडायचा होता. शुक्रवारी दुपारी एचआरच्या बाईंचा मेल आला की लॅपटॉप कुरियर करायचाय, कुठल्या पत्त्यावर पाठवू. आता याचा बेत असा की सोमवारपर्यंत बेळगावातच राहायचं आणि सोमवारी रात्रीची गाडी धरायची. म्हणून यानं आमचा पत्ता टाकला आणि खाली मोदक खात खात एक ओळ लिहिली, "आय विल बी इन बेळगाव बाय मंडे." आणि दिलं पाठवून.

बाईंनी ते वाचलं आणि त्या ओळीचा जो अर्थ होतो तोच घेतला, की हा माणूस सध्या कुठंतरी बाहेर आहे आणि सोमवारपर्यंत बेळगावात पोचतोय. त्यांनी बिचारीनं नीट हिशोब करून पार्सल मंगळवारी दारात येईल असं लावलं. मंगळवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी ब्रश तोंडात धरून सही केली, आणि ज्याचा लॅपटॉप तो तिकडं बेंगळुरात ऑफिसच्या दारात उभा राहून मला फोन करालाय, "मामा, मी बरोबरच लिहिलो होतो की!"

गंमत अशी की ग्रामर खरंच बरोबर होतं. स्पेलिंगसुद्धा. फक्त अर्थ उलटा. त्याला म्हणायचं होतं "अनटिल मंडे" आणि त्यानं लिहिलं "बाय मंडे". पहिल्याचा अर्थ सोमवारपर्यंत आहे, मग जाणार. दुसऱ्याचा अर्थ सोमवारपर्यंत येणार, आत्ता नाही.

मी संध्याकाळी दहावीच्या पोरांची इंग्रजीची ट्यूशन घेतो, आणि हीच चूक इतक्या वह्यांत बघितलोय की शेवटी म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू. कारण ही चूक अभ्यास न केल्याची नाही, ती आपल्या 'पर्यंत'ची आहे. मराठीत 'पर्यंत' हा एकटा शब्द दोन नोकऱ्या करतो. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भर" यात पण तोच आणि "शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे" यात पण तोच. आपल्याला त्यात काही खटकत नाही कारण फॉर्म एकदाच भरायचा असतो आणि दुकान बंद म्हणजे रोजच बंद, हे आपल्याला क्रियापदावरनंच कळतं. इंग्रजी मात्र तिथं दोन वेगळी माणसं कामाला ठेवतं. एकदा उरकून टाकायचं काम असलं तर बाय, आणि एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असली तर अनटिल. टिल म्हटलं तरी चालतं, अर्थ सेम.

इथपर्यंत कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. खरं घोडं पुढं अडतं, की लिहिताना हे आठवत नाही. "उरकायचं काम की चालू राहणारं काम" असा विचार मेल लिहिताना कोण करत बसतो? म्हणून मी पोरांना इंग्रजीकडनं न्यायचं सोडून दिलोय, मराठीकडनंच नेतो. आपल्याकडं 'च्या आत' असा एक शब्द आहे. जिथं 'पर्यंत' आलाय तिथं 'च्या आत' घालून वाक्य तोंडानं म्हणून बघायचं, मोठ्यानं.

"शुक्रवारच्या आत फॉर्म भर." बसलं. म्हणजे बाय. "फिल द फॉर्म बाय फ्रायडे."

"शुक्रवारच्या आत दुकान बंद आहे." नाही बसत, कानालाच कसंतरी लागतं. म्हणजे अनटिल. "द शॉप इज क्लोज्ड अनटिल फ्रायडे."

आता भाच्याचं वाक्य घ्या. "मी सोमवारच्या आत बेळगावात आहे." असं कोणी बोलत नाही. म्हणजे अनटिल. संपला विषय, पाच सेकंदांचं काम, आणि लॅपटॉपचे दुसऱ्यांदा कुरियरचे पैसे वाचले असते, जे मी भरलो, ते जाऊ दे.

आणि आपण सीमाभागातली माणसं, आपल्याकडं अजून एक फुकटचं मशीन आहे ते म्हणजे कन्नड. गल्लीत क्रिकेट खेळता खेळता जे कन्नड शिकलात तेवढं पुरे. कन्नडमध्ये एकदा उरकायच्या कामाला 'ओळगे' येतं आणि चालू राहणाऱ्याला 'तनक'. "शुक्रवारद ओळगे कोडु" म्हणजे शुक्रवारच्या आत दे, हा बाय. "शुक्रवारद तनक इर्तीनि" म्हणजे शुक्रवारपर्यंत आहे मी, हा अनटिल. माझ्याकडं अनगोळची एक पोरगी येते, घरात मराठी आणि शेजारी सगळं कन्नड, ती इंग्रजी लिहायच्या आधी ओठातल्या ओठात कन्नडमध्ये म्हणून बघते आणि तिचं बाय-अनटिल कधी चुकलेलं मी बघितलो नाही. बाकी स्पेलिंग बघितलं तर डोळ्यात पाणी येईल, खरं हे नाही चुकत.

एक सावध करून ठेवतो. ही 'च्या आत'ची ट्रिक तारीख, वार, वाजलेली वेळ असल्या ठरलेल्या टप्प्याला चालते. "दोन दिवसांच्या आत" म्हटलं की तिथं दोन दिवस ही लांबी झाली, टप्पा नाही. तिथं "बाय टू डेज" लिहू नका, "विदिन टू डेज" लिहा. तसंच "दोन दिवसांपर्यंत पाणी येणार नाही" याला "अनटिल टू डेज" नाही, "फॉर टू डेज". बाय आणि अनटिल या दोघांनाही पुढं घड्याळातला नाहीतर कॅलेंडरवरला एक ठिपका लागतो, दोरी चालत नाही.

लाइटवरनं हे एकदम पक्कं डोक्यात बसतं, कारण लाइट हा आपला रोजचा विषय.

"५ वाजेपर्यंत लाइट नाही." नसणं हे ५ पर्यंत चालूच. "देअर इज नो पॉवर अनटिल ५."

"५ वाजेपर्यंत लाइट येईल." येणं एकदाच होणार, ५ च्या आत. "द पॉवर विल बी बॅक बाय ५."

इथपर्यंत सोपं. आता खरी मजा. "५ वाजेपर्यंत लाइट येणार नाही." हे मराठीत एकच वाक्य आहे, इंग्रजीत दोन होतात आणि दोन्ही बरोबर, फक्त सांगतात वेगळं. "द पॉवर वोन्ट कम बॅक अनटिल ५" म्हटलं तर ऐकणारा समजतो की ५ ला येणार, तोवर धीर धरा, मिक्सरची कामं ५ नंतर ठेवा. "द पॉवर वोन्ट बी बॅक बाय ५" म्हटलं तर अर्थ एवढाच की ५ वाजता आशा ठेवू नका, ६ ला येईल, ९ ला येईल, त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणजे नकाराबरोबर अनटिल आला की तो गुपचूप होकार देऊन जातो. "ही डिडन्ट कम अनटिल फ्रायडे" म्हणजे तो शुक्रवारी आला, शुक्रवारीच आला. "ही डिडन्ट कम बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवारपर्यंत तरी आला नाही, पुढचं काही सांगितलेलं नाही. ऑफिसात "द पेमेंट वोन्ट कम अनटिल द १०थ" असा मेल आला तर १० तारखेला पैसे येतील असं समजायला हरकत नाही. "वोन्ट कम बाय द १०थ" असं लिहिलं असेल तर घरमालकाला आत्ताच फोन करून ठेवा.

मला स्वतःला हा फरक नोकरीला लागल्यावर कळला, शाळेत कोणी सांगितला नव्हता. आपल्या मराठीत तो फरक 'च' नं होतो, "५ लाच येणार", आणि ते 'च' इंग्रजीत शोधायला गेलं की अनटिलच्या पोटात सापडतं.

आता दुसरं दुखणं, आणि हे पहिल्यापेक्षा जुनाट आहे. "जोपर्यंत आई फोन करत नाही तोपर्यंत गेट उघडू नको." आमच्या ट्यूशनमध्ये दहातली आठ पोरं याचं लिहितात, "डोन्ट ओपन द गेट अनटिल मदर डजन्ट कॉल." पोरंच कशाला, चांगले इंजिनिअर झालेले पण लिहितात. चुकीचं आहे. 'अनटिल'च्या पुढं तो 'नाही' येत नाही, कारण तिथं ज्या क्षणी गोष्ट थांबते तो क्षण सांगायचा असतो, आणि तो क्षण म्हणजे आईनं फोन करणं, फोन न करणं नव्हे. "डोन्ट ओपन द गेट अनटिल मदर कॉल्स." तिथं 'विल' पण नको, "अनटिल मदर विल कॉल" असं नाही होत, नुसतं "कॉल्स".

आपल्या डोक्यात 'जोपर्यंत' आला की 'नाही' आपोआप येतो, तो काढणं अवघड आहे. म्हणून त्याच्याशी झगडायचंच नाही, मराठी वाक्यच बदलायचं. 'जोपर्यंत... नाही तोपर्यंत' हे सगळं शाळेतलं, निबंधातलं मराठी. घरात आपण काय बोलतो? "आई फोन करेपर्यंत गेट उघडू नको." आजी असली तर "आई फोन करस्तोवर". बघा, 'नाही' गेला. त्या 'करेपर्यंत'ला उचलून जसंच्या तसं इंग्रजीत ठेवा, अनटिल मदर कॉल्स. "पैसे मिळेपर्यंत सही करू नको" म्हणजे "डोन्ट साइन अनटिल यू गेट द मनी." "तू येईस्तोवर मी हलणार नाही" म्हणजे "आय वोन्ट मूव्ह अनटिल यू कम." आणि परत कन्नड घ्या, "नी बरो तनक ना होगल्ल", तिथं पण 'तनक'च्या आधी नकार नाहीच. म्हणजे आजीचं मराठी आणि शेजारचं कन्नड दोन्ही इंग्रजीच्या बाजूला उभे आहेत, एकटं पाठ्यपुस्तकी मराठी तिकडं उभं आहे.

कधी कधी अनटिलनंतर 'नाही' चालतो, नाही असं नाही. "प्रॅक्टिस अनटिल यू डोन्ट नीड द बुक", म्हणजे पुस्तकाची गरज उरणार नाही तोवर सराव कर. इथं गरज नसणं हाच तो थांबायचा क्षण आहे. खरं ही वाक्यं हजारात एखादी, आत्ता विसरून जा.

याच्याच बाजूला अनलेस नावाचा प्राणी बसलाय. "जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत हॉल तिकीट नाही." इथं वेळ सांगायची आहे का अट? भरणारच आहेस, फक्त तोवर थांब, असं असेल तर अनटिल. भरली नाहीस तर मिळणारच नाही असा दम असेल तर अनलेस. "अनलेस यू पे द फी". अनलेसच्या पोटात 'नाही' आधीच आहे, त्यामुळं "अनलेस यू डोन्ट पे" लिहिलं की दोन नकार झाले आणि अर्थ निघाला, फी भरलीस तर हॉल तिकीट मिळणार नाही. क्लार्कला पण चालणार नाही हे.

'पोचेपर्यंत' हा तिसरा घोळ. "मी पोचेपर्यंत थांब." साधं, "वेट अनटिल आय रीच." आणि "मी पोचेपर्यंत बस गेली." पोरं लिहितात "अनटिल आय रीच्ड, द बस वेन्ट." आता बस काय मी पोचेस्तोवर जातच राहिली काय? बस एकदाच गेली, माझ्या पोचण्याच्या आत गेली. इथं "बाय द टाइम" लागतो. "बाय द टाइम आय रीच्ड द स्टँड, द खानापूर बस हॅड लेफ्ट." त्यात 'हॅड लेफ्ट' का, तर आधी बस गेली, मग मी पोचलो, दोन्ही मागचंच पण बस अजून मागची.

'तोपर्यंत'चं पण तेच. पाहुणे आलेत, बाबा अंघोळीला गेलेत, तुम्ही म्हणता "येतील दहा मिनिटांत, तोपर्यंत चहा घ्या." हा चालू राहणारा तोपर्यंत, "अनटिल देन", किंवा त्याहून बरं "इन द मीनटाइम". आणि बाबा अर्ध्या तासानं आले, "तोपर्यंत चहा थंड झाला", तर हा उरकलेला तोपर्यंत, "बाय देन द टी हॅड गॉन कोल्ड."

'आतापर्यंत'वर जरा थांबतो कारण इंटरव्ह्यूमध्ये हा नडतो. "आतापर्यंत तो निपाणीला पोचला असेल" म्हणजे "बाय नाऊ". हे ठीक. "आतापर्यंत मी तीन प्रोजेक्ट केलेत" याला "अनटिल नाऊ" लिहू नका, "सो फार" लिहा. अनटिल नाऊ म्हटलं की समोरच्याला वास येतो की आता काहीतरी बदललं. "आय लिव्हड इन बेळगाव अनटिल नाऊ" म्हणजे आता बेळगाव सोडलं. अजून राहताच आहात तर सरळ "आय हॅव ऑल्वेज लिव्हड इन बेळगाव".

अंतराचा 'पर्यंत' वेगळाच. "खानापूरपर्यंत रस्ता चांगला आहे" इथं वेळ नाहीच, म्हणून बाय पण नाही, अनटिल पण नाही. "द रोड इज गुड अप टू खानापूर", नाहीतर "ॲज फार ॲज खानापूर". आकड्याला पण अप टू, "१०० पर्यंत मोज" म्हणजे "काउंट अप टू १००". अप आणि टू हे दोन सुटे शब्द आहेत बरं का, आपल्याकडं बोर्डावर सगळीकडं जोडून लिहिलेलं असतं, ५० टक्क्यांपर्यंत सूटवाला बोर्ड.

ऑफिसच्या मेलमध्ये अजून एक अडचण येते, ती म्हणजे तो दिवस धरायचा का नाही. "बाय फ्रायडे" म्हटलं की शुक्रवार धरतात, शुक्रवारी दिलं तरी वेळेत. "बिफोर फ्रायडे" म्हटलं की गुरुवारपर्यंतच. पण शुक्रवारी कधी, सकाळी ऑफिस उघडताना की रात्री १२ ला? यावर भांडणं होतात. म्हणून वेळ घालून टाका, "बाय ५ पी एम ऑन फ्रायडे". अनटिलमध्ये तर जास्तच गोंधळ. "आय ॲम ऑन लीव्ह अनटिल द १५थ" वाचून अर्धे लोक १५ ला फोन करतात आणि अर्धे १६ ला. मी तर असल्या वेळी अनटिल लिहितच नाही, सरळ "आय विल बी बॅक ऑन द १६थ" लिहितो. अमेरिकन कंपनीत असाल तर ते "थ्रू द १५थ" लिहितात, त्यात १५ तारीख धरलेली असते, म्हणजे १५ ला पण सुट्टीच.

आणि एकाच जाहिरातीत दोन्ही शब्द एकाच तारखेला आले तर घाबरू नका. "ॲप्लाय बाय ३१ मार्च" आणि "ॲप्लिकेशन्स आर ओपन अनटिल ३१ मार्च". अर्ज तुम्ही एकदाच करणार म्हणून बाय, खिडकी मात्र रोज उघडी राहणार म्हणून अनटिल. पासवर "व्हॅलिड अनटिल" असतं ते पण याच्याचमुळं, चालणं हे रोजचं आहे. खाण्याच्या पाकिटावर "यूज बाय" असतं कारण संपवायचं एकदाच आहे.

स्पेलिंगचं एका दमात सांगून टाकतो. टिलमध्ये एल दोन, अनटिलमध्ये एल एक, का म्हणून विचारू नका. टिल हा अनटिलचा शॉर्टफॉर्म आहे असं पुष्कळ जणांना वाटतं, खरं उलट आहे, टिल जुना आणि अनटिल त्याच्या नंतरचा. म्हणून टिल लिहिलं की काही अशुद्ध होत नाही, औपचारिक पत्रात अनटिल जास्त दिसतो एवढंच.

आता जरा हात चालवा, खाली बघायच्या आधी तोंडानं 'च्या आत' घालून बघा. "बाबा ९ वाजेपर्यंत शेतात असतात." बसत नाही, अनटिल. "लाइट बिल १५ तारखेपर्यंत भर." बसतं, बाय. "पाऊस थांबेपर्यंत इथंच थांबू." अनटिल द रेन स्टॉप्स, 'विल' घातला असाल तर वर जाऊन परत वाचा. "आम्ही मंगल कार्यालयात पोचेपर्यंत अक्षता पडल्या होत्या." बाय द टाइम, आणि घरी आल्यावर बायकोची बोलणी. "एक तासापर्यंत ट्रॅफिक जाम होता." फसलात ना, तास ही दोरी आहे, फॉर ॲन अवर.

शेवटचं जोडीनं घ्या, आमच्या बेळगावच्या कुंद्यावरनं, म्हणजे दुधाच्या मिठाईवरनं. "कुंदा बुधवारपर्यंत टिकेल" आणि "कुंदा बुधवारपर्यंत संपव." टिकणं रोजचं, "इट विल कीप अनटिल वेन्सडे". संपवणं एकदाचं, "फिनिश इट बाय वेन्सडे". आमच्या घरात रविवारी आणलेला बॉक्स सोमवारी सकाळीच रिकामा असतो, त्यामुळं यातलं पहिलं वाक्य खरं आहे का ते बघायची संधी मला अजून मिळालेली नाही.